स्कूटरचं सुतक

माझ्या स्कूटरची अंत्ययात्रा निघाली तेव्हा ती चांगली धडधाकट होती, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर लोक काहीही बोलतात. सेलूत अजूनही एखादा भेटतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "उद्धवराव, तुमची ती गाडी कशानं गेली हो?" गेली कुठं? पोलीस ठाण्यात गेली, आणि तीही बैलगाडीत बसून. पण असं मधूनच सांगितलं तर तुमचा घोटाळा होईल, म्हणून नीट सुरुवातीपासून सांगतो.

नव्वद सालची दिवाळी नुकतीच झाली होती. तिकडं इराकनं कुवेत गिळलं आणि इकडं पेट्रोल महागलं. मी कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत हेडक्लार्क. हेडक्लार्क म्हटलं की माणसाला देशाच्या धोरणाबद्दल मत असावंच लागतं, तसं मलाही होतं, पण ते सांगायची सोय नव्हती. कारण माझ्या घराच्या उजव्या अंगाला आबासाहेब, ते हाताच्या निशाणीच्या पक्षाचे, म्हणजे हातवाले, आणि डाव्या अंगाला अण्णासाहेब, रिटायर हेडमास्तर, ते चक्रवाले. मधे माझा ओटा. पेपर घ्यायचा मी आणि वाचायचे ते दोघं. वाचून झाला की तिथंच भांडायचे.

"दिल्लीत चक्रवाले बसले आन् पेट्रोल पेटलं," आबासाहेब म्हणायचे. "आमच्या हातात कारभार असता तर दर वाढू दिला असता का?"

"लढाई अरबस्तानात, आणि दर दिल्लीनं उतरवायचा?" अण्णासाहेब चष्मा पुसत विचारायचे. "मुंबईत तर तुमचेच बसलेत ना? त्यांना म्हणावं विक्रीकर कमी करा. उद्या सकाळी दर खाली येतो का नाही बघा."

"आपल्याच समुद्रात तेल हाय. काढा की दाबून."

"समुद्र म्हणजे काय तुमच्या मळ्यातली विहीर आहे का आबासाहेब, मोटर टाकली की आलं?"

यावर मी एकदा म्हणालो, "माझं मत असं आहे, की आपण सगळ्यांनीच थोडी काटकसर..." तर दोघंही एका आवाजात म्हणाले, "तुमी थांबा जरा." देशाच्या ऊर्जा धोरणावर त्या दोघांचं एवढं एकमत मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आता खरी गोष्ट. माझी बायको कावेरी डी.एड. होऊन सहा वर्षं घरात होती. सहा वर्षं ती दर महिन्याला परभणीला जाऊन जिल्हा परिषदेच्या फलकावर नाव बघून यायची. त्या दिवाळीत ऑर्डर आली. वालूरच्या शाळेत, सुट्टी संपली की सोमवारी दुपारी बाराच्या आत रुजू व्हायचं, नाहीतर ऑर्डर रद्द आणि यादीतल्या पुढच्या बाईला जागा. वालूर आमच्यापासून दहा मैलांच्या आतबाहेर, पण एसटी सकाळी नाहीच, एकच ती दुपारी बाराला सुटणारी. म्हणून फॅक्टरीतल्या फिटरची जुनी स्कूटर मी घेतली. रोज सकाळी मी तिला सोडायचं आणि मग कामावर जायचं असं ठरलं. मालकांनीही तासाभराची सवलत दिली. गाडी मी चालवायचो. म्हणजे बारा-तेरा किका मारायचो, एकदा उजवीकडं आडवी करायचो, एकदा डावीकडं, मग ती खोकत खोकत सुरू व्हायची. गिअर टाकला की गल्लीतली कुत्री उठून बसायची.

तर गुरुवारी आबासाहेब ओट्यावर आले ते पेपरला हात न लावता बसले. तिथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

"उद्धवराव, शनिवारी आमी दरवाढीचा निषेध करायलोय. स्कूटरची अंत्ययात्रा. तुमची गाडी पायजे."

"तुमची फटफटी आहे की."

"ती लय दांडगी हाय. ती मेली म्हणून कोनाला वाईट वाटनार न्हाई. तुमची गाडी बघितली की आपोआप गळा दाटतो. आन् फोटोत सामान्य मानूस लागतो, तो तुमच्याबिगर हाय कोन?"

आता कोणी आपल्याला सामान्य म्हटलं तर राग यायला पाहिजे. पण आबासाहेबांची बोलायची रीतच अशी की मला तो मानच वाटला. आतून कावेरी म्हणाली, "सोमवारी गाडी लागंल." आबासाहेब म्हणाले, "सूनबाई, दुपारी नेतो, सांजच्याला दारात आनून लावतो." खरं सांगायचं तर ते शब्दाला पक्के होते. शब्द मोडला तो त्यांनी मोडला नाही, तो परिस्थितीनं मोडला.

परवानगीचं काय, असं मी विचारलं. त्यावर आबासाहेब हसले. "मोर्चाला परवानगी लागती, सभेला लागती, वरातीला लागती. अंत्ययात्रेला कदी कोनी परवानगी काढल्याली ऐकली का? म्हनून तर अंत्ययात्रा." या माणसाच्या डोक्याचं मला आजही कौतुक वाटतं.

शनिवारी गाडी बैलगाडीत आडवी निजवली. आडवी निजवायची तर पेट्रोल सांडणार, आणि पुढं मडक्यात विस्तव, म्हणून टाकी रिकामी केली. वाया कशाला घालवायचं, म्हणून ते पेट्रोल आबासाहेबांच्या फटफटीत ओतलं. मग पांढरं कापड, झेंडूचे हार, गुलाल, सगळं रीतसर. आता मडकं कोणी धरायचं? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मालक मीच होतो. नुसता पंचा नेसा म्हणाले, मी पँटीवर अडून बसलो. शेवटी पँट राहू दिली, पण पाय अनवाणी आणि डोकं उघडं यावर तडजोड झाली.

यात्रा निघाली आणि पहिल्या पाच मिनिटांत मला कळलं की हा निषेध आहे हे फक्त आम्हालाच माहीत आहे. कापडवाल्यांनी दुकानाची फळी अर्धी ओढून घेतली. कापसाच्या गाडीवरचा एक म्हातारा खाली उतरून हात जोडून उभा राहिला. एकानं मागच्याला विचारलं, "कोन गेलं?" मागचा म्हणाला, "जिनिंगच्या उद्धवरावाच्या घरचं." त्याला पुढं विचारायचा धीर झाला नाही, आणि मला सांगायचा झाला नाही. मडकं धरून चालणाऱ्या माणसानं हसायचं नसतं.

चौकात चक्रवाले उभेच होते. अण्णासाहेबांच्या हातात पाटी, 'विक्रीकर उतरवा'. दोन्ही बाजू समोरासमोर आल्या आणि मयताला मधे ठेवून चर्चा सुरू झाली. समुद्रातलं तेल निघालं, अरबस्तान निघालं, मागच्या चाळीस वर्षांत काय केलं ते निघालं. कोणी कोणाला शिवी दिली नाही, हे सांगितलं पाहिजे. आमच्या गल्लीतले लोक आहेत ते. पण मागं कापसाच्या गाड्यांची रांग पार स्टेशनपर्यंत लागली, आणि हवालदार सूर्यभान शिट्टी वाजवत आले.

"परवानगी?"

"अंत्ययात्रेला लागत न्हाई," आबासाहेब म्हणाले.

सूर्यभाननी कापड उचलून बघितलं. मग वही काढली. "मयताचं नाव?"

"स्कूटर."

"वारस?"

सगळ्या हातवाल्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं, आणि चक्रवाल्यांनीसुद्धा. आबासाहेब पुढं होऊन म्हणाले, "मी पुढारी हाय, मला धरा." सूर्यभान म्हणाले, "साहेब, तुमाला धरून रस्ता मोकळा व्हतोय का? रस्ता गाडीनं आडवलाय." त्यांचंही बरोबर होतं. अशा रीतीनं माझी स्कूटर मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा झाली. ठाण्याचे साहेब बाहेरगावी बंदोबस्ताला, ते येणार सोमवारी सकाळी. तोवर सुटका नाही.

घरी आलो तर दारात मागच्या घरातल्या धुरपताबाई कळशी घेऊन उभ्या. सत्तरीच्या बाई, गल्लीतलं सगळं सोवळं-ओवळं, सोयर-सुतक त्यांच्या तोंडी. त्यांनी माझ्या पायावर पाणी ओतलं आणि निवाडा दिला.

"मडकं धरलं न्हवं? मग सुतक लागलं."

"काकू, स्कूटर ती."

"मडकं कशाचं का असंना, धरलं की धरलं. दहा दीस वाहनावर बसायचं न्हाई."

मी शिकलेला माणूस. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण विश्वास नसताना उगीच धोका कशाला पत्करा, असाही माझा स्वभाव आहे, त्यामुळं मी गप्प बसलो.

रविवारी पहाटे दाराबाहेर मोठ्यानं रडणं ऐकू आलं. झरीचे माझे मामा आश्रुबा, डोक्याला टॉवेल, हातात पिठलं-भाकरीचं गाठोडं. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून मामींनी करून दिलेलं. मी दार उघडल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग कावेरीला बघितलं. आणि डोळे पुसत म्हणाले, "दोघंबी हाव की. मग गेलं कोन?" मी सांगितलं. मामांनी डोक्याचा टॉवेल सोडून खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "मी रातभर झोपलो न्हाई रे." त्यांनी पिठलं-भाकरी स्वतःच खाल्ली आणि पहिल्या गाडीनं परत गेले. पुढं वर्षभर ते माझ्याशी तुटक बोलत होते.

दिवसभर ओट्यावर सल्ल्यांचा बाजार. एक म्हणाला साहेबांना नारळ द्या, दुसरा म्हणाला कलेक्टरला तार करा. आबासाहेब खरोखर अस्वस्थ होते. "सूनबाई, चूक माझी हाय. मी उद्या तुमाला फटफटीवर वालूरला नेऊन सोडतो." हे ऐकून अण्णासाहेब उठलेच. "पहिल्याच दिवशी सरकारी शिक्षिका एका पक्षाच्या फटफटीवर? गाव काय म्हणेल? माझी मोपेड आहे."

"मोपेडीवर चक्र काढल्यालं हाय त्याचं काय?"

"तुमच्या टाकीवर पंजा नाही का?"

आणि तिथून गाडी पुन्हा अरबस्तानात गेली. मी आत गेलो. कावेरी उद्याच्या साडीला इस्त्री करत होती. तांब्यात निखारे घालून, एकेक निरी नीट. सहा वर्षं जपून ठेवलेली ती साडी, मोरपंखी काठाची. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट मला पेट्रोल महागल्याचं कधी वाटलं नव्हतं.

"एक-दोन दिवसांची मुदत मागून बघू," मी म्हणालो. "दरखास्त लिहितो मी."

"सहा वर्षं मी वाट बघितली. आता एका दिवसाची भीक मागायची न्हाई मला." तिनं तांब्या खाली ठेवला. "आन् मी कुणाच्याच मागं बसून जायची न्हाई. शाळेत मी बाई म्हणून जाणार. ह्या पक्षाची आली का त्या पक्षाची आली, हे पोरांनी का म्हणून विचारायचं?"

मग ती मागच्या दारानं धुरपताबाईंकडं गेली. मी भिंतीला कान लावला असं समजू नका, भिंतच पातळ होती.

"काकू, समजा एखाद्याचं सगळं क्रियाकर्म केलं, आन् तो जिताजागता परत आला, तर काय करत्यात?"

"करत्यात की. त्याचा नवा जन्म धरत्यात. बारसं करायचं, नाव ठेवायचं. मग सुतक फिटतं."

"मग उद्या सकाळी करू."

"आणि जन्माचं सोयर?" मला राहवलं नाही, मी इकडून ओरडलो. "सोयरही दहा दिवस असतं ना काकू?"

"यंत्राला कसलं सोयर रे उद्धवा," पलीकडून उत्तर आलं.

"मग सुतक कसं लागलं?"

पलीकडं भांडं आपटलं. मग धुरपताबाई कावेरीला म्हणाल्या, "तुज्या नवऱ्याला झोप येत नसंल तर सुंठीचा काढा दे."

सोमवारी आठ वाजता आम्ही ठाण्यात हजर. मी, कावेरी आणि पदराखाली घुगऱ्यांचं पातेलं घेऊन धुरपताबाई. साहेब आले, माणूस भला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा तोंड फिरवून खोकले, आणि म्हणाले, "गाडी द्या यांना. पण तारीख पडेपर्यंत मालकाचं लायसन इथं जमा राहील." सूर्यभाननी माझं लायसन घेतलं, कागद लिहायला बसले. एक प्रत, दुसरी प्रत, कार्बन उलटा लागला म्हणून पुन्हा पहिली प्रत. पावणेदहा वाजले. मी घड्याळाकडं बघू नये म्हणून भिंतीकडं बघत होतो, तर भिंतीवरही घड्याळच होतं.

शेवटी सूर्यभान म्हणाले, "गाडी कोन नेनार? चालवनाराचं लायसन दाखवा."

"माझं तर आत्ताच घेतलं तुम्ही."

"ते जमा झालं. आता ते तुमचं न्हाई. दुसरं कोनाचं?"

दहाला दहा कमी. गाडी समोर उभी, ऑर्डर पिशवीत, आणि सगळं संपल्यात जमा. मी साहेबांच्या पाया पडायला वाकणार, एवढ्यात कावेरीनं पर्स उघडली आणि टेबलावर एक लायसन ठेवलं.

सूर्यभाननी ते उघडलं, फोटो बघितला, कावेरीला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. मीही बघितला. माझीच बायको होती.

"कधी काढलंस?"

"दोन वर्षं झाली. परभणीला फलक बघायला जायची तवा. भाऊ शिकवायचा, त्याच्या स्कूटरीवर."

"मला का सांगितलं नाहीस?"

ती खाली बघून म्हणाली, "तुमी एवढ्या किका मारता. तुमाला वाईट वाटलं असतं."

सूर्यभान टेबलावरचे कागद विनाकारण सारखे करू लागले. मला वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू. पण त्याच्याखाली दुसरंही काहीतरी वाटलं, आणि ते वाईटापेक्षा मोठं होतं. सहा वर्षं ही बाई नुसती वाट बघत बसलीय असं मी समजत होतो.

ठाण्याच्या लिंबाखाली धुरपताबाईंनी दिव्याला हळद-कुंकू लावलं, हँडलाला ओवाळलं, आणि हॉर्नशी तोंड नेऊन तीनदा नाव सांगितलं, "मनकर्णा." घुगऱ्या वाटल्या. सूर्यभाननी मूठभर घेतल्या आणि साहेबांसाठी कागदात बांधून घेतल्या. सुतक फिटलं. आता फक्त निघायचं होतं, आणि तेव्हा मला टाकी आठवली.

टाकीत थेंब नव्हता. पंपावर शनिवारपासून 'साठा संपला'ची पाटी. दहा वाजून दहा मिनिटं. ठाण्यासमोरच्या हॉटेलात आबासाहेब आणि अण्णासाहेब आमच्यासाठीच सकाळपासून येऊन बसले होते, आणि बसल्या बसल्या पेट्रोलचा दर कसा उतरवावा यावर बोलत होते. बाहेर एकाची फटफटी, एकाची मोपेड. कावेरी सरळ त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. आमच्या गावात त्या काळी बायका हॉटेलात पाय टाकत नसत. शेजारच्या टेबलावरचे लोक खुर्च्या सरकवून बाजूला झाले.

"दर उतरायचा तवा उतरंल," ती म्हणाली. "मला बाराच्या आत वालूरला पोचायचंय. दोघांनी एकेक लिटर द्या. सारखं द्या, म्हणजे कुणाचं वर व्हायचं न्हाई."

मग आबासाहेब उठले. जेवढा मोठा शेतकरी, तेवढाच उतावीळ माणूस. हॉटेलवाल्याकडून रबरी नळी घेतली, फटफटीच्या टाकीत घातली आणि तोंडानं ओढली. पहिला घोट पोटात गेला. त्यांचे डोळे पाण्यानं भरले, तरी नळी सोडली नाही. ते बघून अण्णासाहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला, म्हणाले, "आणा इकडं," आणि रिटायर हेडमास्तर मोपेडीशी उकिडवे बसले. त्यांनी दोन घोट घेतले. बाटली मधे ठेवून दोघांनी खाली वाकून, रेघ बघून, सारखंच पेट्रोल मोजून दिलं. तेवढा वेळ देशाच्या ऊर्जा धोरणावर एक शब्द कोणी काढला नाही. काढणार कसा, दोघांनाही बोलता येत नव्हतं.

मी टाकीत ओतायला गेलो तर कावेरी म्हणाली, "ऑइल?" ते मी नेहमीच विसरायचो. तिनं डिकीतून ऑइलची बाटली काढली, टोपणानं मापून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं, पेट्रोलची बाटली हलवली, मग ओतलं. पदर कमरेला खोचला. एक किक, दुसरी किक, आणि गाडी सुरू झाली. आडवी नाही, उभी नाही, खोकला नाही. मी तोंड उघडं ठेवून बघत होतो.

"बसा," ती म्हणाली.

अख्ख्या हॉटेलसमोर, ठाण्यासमोर, जिनिंगला निघालेल्या माझ्या हाताखालच्या दोन कारकुनांसमोर मी मांडीवर तिचा जेवणाचा डबा घेऊन मागं बसलो. धुरपताबाईंनी कानशिलावर बोटं मोडली. आबासाहेब छातीवर हात ठेवून ढेकर देत म्हणाले, "सावकाश जा, सूनबाई." अण्णासाहेबांनी नुसता हात वर केला.

रस्ता कसला, खड्डेच. समोरून कापसाच्या गाड्या. तिनं एकाही गाडीला हॉर्न मारून दचकवलं नाही, बैल जवळ आले की वेग कमी करायची. गिअर बदललेला मला कळतसुद्धा नव्हता. अर्ध्या वाटेपर्यंत मी मनातल्या मनात तिच्या चुका शोधत होतो. मग सोडून दिलं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी तिनं वालूरच्या शाळेच्या मस्टरवर सही केली. मी खिडकीतून बघितली. कावेरी उद्धव, पुढं आडनाव, सगळं पूर्ण लिहिलं, घाई केली नाही. हेडमास्तरांनी मला चहा पाजला आणि विचारलं, "आपण बाईंना सोडायला आलात?" मी म्हणालो, "नाही, बाईंनी मला आणलंय." त्यांना ती गंमत वाटली.

परत जायला लायसन नाही, म्हणून दिवसभर तिथल्या चिंचेखाली बसून राहिलो. गावातले दोघं-चौघं येऊन बसले. सेलूचा माणूस म्हणून मला पेट्रोलचा दर कधी उतरेल ते विचारू लागले. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझं मत मागत होतं, आणि कोणी थांबा म्हणत नव्हतं. पण आतून कावेरीचा आवाज येत होता. दुसरीच्या पोरांना ती बेरीज शिकवत होती, आणि पोरं जोरजोरानं तिच्यामागं म्हणत होती. मी त्या लोकांना म्हणालो, "जरा थांबा, ऐकू द्या."

पाच वाजता ती बाहेर आली. साडीच्या काठाला खडू, केस विस्कटलेले, चेहरा एवढा उजळ की मी बघतच राहिलो. गाडीपाशी आल्यावर तिनं रस्त्याकडं एक नजर टाकली. पार सेलूपर्यंत कोणी पोलीस नसणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तिनं किल्ली माझ्यापुढं धरली.

"दमले असाल बसून. घेता का चालवायला?"

मी डबा तिच्या हातून घेतला, डिकीत ठेवला, आणि ती पुढं बसायची वाट बघत मागच्या सीटपाशी उभा राहिलो.